स्टुलावरची गोळी

जया सकाळी सात वाजता दवाखान्याच्या खाटेवरच गेली. आठ वाजता तिच्या सासऱ्यानं, विठ्ठलरावानं, दवाखान्याचं दार बाहेरून लावून घेतलं. आत मथुराबाई नर्स.

"दहा दिवस गोळ्या खाल्ल्या माह्या सुनेनं," तो जमलेल्या लोकायले सांगून राह्यला होता. "टायफाइडच्या, चांगल्या भारी. तरी ताप उतरला नाई. या बाईनं गोळ्या इकल्या अन् पीठ चारलं. हिले नोकरीवरून काढा, जेलात टाका."

सावरखेडचा दवाखाना म्हंजे सहा खाटा. घाटंजीहून धावजी हवालदार सायकलनं आला. एकसष्ट सालचा मे महिना, घामानं त्याचा सदरा पाठीले चिकटला होता. त्यानं पैले कडी काढली.

मंग खाट पाह्यली. बाजूले लाकडी स्टूल. स्टुलावर कागदाचा चौकोनी तुकडा.

"हा कागद कायचा?"

"गोळी ठेवाचा," मथुराबाई म्हने.

"हातात नोत्या देत?"

"पैल्या दिवशी पानी घेऊन गेलती. सासूनं, विमलताईनं, पेला मोरीत फेकला. म्हने, बौद्ध झाल्या तं झाल्या, हात तं तेच हाय ना. मंग मी दिवसातून चार खेपा गोळी कागदावर ठेवो अन् पाठ फिरवो. पानी सासूच पाजे."

"गिळताना पाह्यलं कधी?"

"नाई."

"जया काई बोले?"

"दुसऱ्या दिवशी, सासू बाहेर गेलती तवा इचारलं, सिस्टर, हे फोडून गुळात देली तं चालते काय? म्या म्हनलं, तुले गिळता येत नाई काय? तं नुसती हासली."

पूनमसिंग कंपाउंडरनं कपाट उघडलं. "चाळीस गोळ्या खाटेवर गेल्या, हवालदारसाब. पीठ म्हनता? याच डब्यातल्या खाऊन दोन नंबरचा बुढा काल घरी चालत गेला. जाताना बिडीही मांगे मले."

धावजी बाहेर आला. विठ्ठलराव निंबाखाली बसला होता, विमलताई भिंतीले टेकून. ते सकाळपासून एक शब्द बोलली नोती.

"घरी अजून कोनाले ताप होता?"

"नातवाले. उकंड्याले. पाच वर्साचा हाय," विठ्ठलराव म्हने. "हाच ताप. पन बरा झाला. देवीच्या अंगाऱ्यानं."

"दवाखान्यात नाई आनला?"

"सुनेचं सोडा. तो वंशाचा दिवा. त्याले कोनाचाही हात लागू देऊ काय?"

"अन् इथं डब्बा कोन आने?"

"भगवान. माहा पोरगा. संध्याकाळी आने अन् रिकामा घेऊन जाये."

धावजीनं टोपी घातली. "चला तुमच्या घरी. मथुराबाई, तुमीही."

मथुराबाई फाटकाच्या बाहेरच उभी राह्यली. अंगनात उकंडा बसला होता. त्याच्या अगुदरचे दोन पोरं गेले, म्हून जयानं याले जलमल्याबरुबर उकिरड्यावर ठेवलं अन् हे नाव देलं. घान नाव पाहून मरन तरी वापस जाईन.

"बाबू, तुले औसध कोन देते?" धावजीनं इचारलं.

"बा. गुळात. लय कडू राह्यते."

भगवानरावाचे डोये सुजले होते. त्यानं कोनाड्यातून तंबाखूची डबी काढून देली. "जया डब्ब्यात ठेवे. म्हने, डॉक्टरनं पोराले धाडल्या. दोन-दोन दे. नऊ दिवस देल्या, बाकीच्या ह्या."

धावजीनं गोळ्या वट्ट्यावर मांडल्या. बावीस.

"विठ्ठलरावजी, गोळ्या कोनी इकल्या नाई. खऱ्या गोळ्यावर सून मरते अन् बिनगोळीचा नातू बरा होते? तिथंच मले खटकलं. ज्याले गोळी सरळ गिळाची हाय, तो फोडून गुळात कायले इचारन? तिले बुढ्यासारखं बरं व्हाचं नोतं. तिले पोट्टं बरं कराचं होतं." तो वळला. "अन् खाटेजवळ चोवीस घंटे एकच मानूस होतं. विमलताई, तुमाले मालूम होतं."

विमलताई खाली बसली. "म्याच सांगतलं तिले. सकाळच्या दोन तू खाय, बाकीच्या दोन उकंड्याले धाड. अर्ध्या-अर्ध्या. दोघंही वाचतीन वाटलं."

"अन् नर्सले कोंडलं तवा चूप काहून होत्या?"

विमलताईनं फाटकाकडं पाह्यलं अन् मान खाली घातली.

"अर्ध्या म्हनता? मंग इथं वीस आल्या पाह्यजे," धावजी म्हने. "अठरा पोराच्या पोटात, बावीस या डबीत. किती झाल्या?"

विमलताई बोटावर मोजू लागली. मोजता मोजता थांबली.

"माह्यासमोर पानी पेत होती ते," ते म्हने. "रोज सकाळी. माह्यासमोर."

"पानीच पेत होती," धावजी म्हने. "गोळी पदरात बांधे."

भगवानरावानं भिंतीकडं तोंड केलं.

फाटकातून मथुराबाई बोलली. "लिहा हवालदार, माहंही लिहा. शिकवताना सांगतलं होतं, गोळी घशाखाली गेल्याबिगर खाट सोडाची नाई. मले राग आलता त्या पेल्याचा. दहा दिवस पाठ फिरवली म्या." मंग आवाज बदलला. "ते सोडा. हे औसध बहुतेक साऱ्या जंतूले मारते, पन एखांद्याचं रक्तही सुकवते. पोराले वजनावर द्या लागते, रक्त पाहा लागते. अन् मधात सोडलं तं ताप उलटते. पोट्टं द्या मले."

विठ्ठलराव जागचा हालला नाई. विमलताई उठली, उकंड्याले उचललं अन् फाटकातून मथुराबाईच्या हातात देलं.

डॉक्टरनं रक्त तपासलं. ठीक होतं. उरलेल्या दिवसाचा डोस त्यानं वजन करून लिहून देला.

जयाच्याच खाटेवर पोराले निजवलं. मथुराबाईनं स्टूल पायानं बाजूले सारलं. एका हातात औसध, दुसऱ्या हातात पेला. विमलताई दाराशी उभी राहून पेल्याकडं पाहत होती.

"पे. आता आ कर. जीब वर कर."

उकंड्यानं जीब वर केली. मंग इचारलं, "माय बी अशीच दाखवे काय तुले?"

मथुराबाईनं पेला खाली ठेवला.

"नाई रे बाबू," ते म्हने. "म्या पाह्यलंच नाई."