थंड मशीनचं गरम पाणी

हे घडलेलं आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. प्रगतीला आता कुणालाच काही पटवून द्यायचं नाही. वर्षभर तिनं तेवढंच केलं होतं.

दिवस गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचा. वेळ दिवेलागणीची. जागा, अंबरनाथला मोरिवली गावाच्या पाठीशी असलेला रसायनांचा एक जुना कारखाना. नाव लिहीत नाही. गेटवरची पाटीसुद्धा आता उतरवली आहे.

प्रगतीचे वडील, बुधाजी, त्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायचे. आजूबाजूला सगळीकडे विजेवरचे कॉम्प्रेसर आले, पण हा एक वाफेवरचा तसाच राहिला. बॉयलर होताच, वाफ होतीच, मग चालतंय ते बदला कशाला, असं मालकांचं म्हणणं. एका बाजूला वाफेचा सिलिंडर, दुसऱ्या बाजूला गॅस दाबणारा, आणि शेजारी माणसाहून उंच असं जड चाक. चालू असलं की सगळी शेड श्वास घेत असल्यासारखी वाटायची.

बुधाजी त्याला म्हैस म्हणायचे.

"हिचा पोट मोकला केल्याबिगर हिला हाकायची नाय," हे त्यांचं वाक्य घरात लहानथोरांना पाठ होतं.

त्याचा अर्थ साधा होता. मशीन थांबलं की सिलिंडरमधली वाफ निवते, तिचं पाणी होतं. ते बाहेर जावं म्हणून सिलिंडरच्या पोटाला पितळी कॉक असतात. मशीन थांबवलं की ते उघडायचे. पुन्हा सुरू करताना ते उघडेच ठेवायचे, पाणी थुंकून झालं आणि कोरडी वाफ फुसफुसायला लागली की मगच बंद करायचे. पाणी आत राहिलं आणि वाफ सोडली, तर वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही.

मग लोखंड फुटतं.

त्याच्या आदल्या खंडेनवमीला ते फुटलं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असायची. कामगारांच्या घरच्या बायका नटून यायच्या. कॉम्प्रेसरपुढची रांगोळी दरवर्षी प्रगतीची आई, पुतळाबाई, काढायची. दुसऱ्या कुणाची बुधाजींना चालायचीच नाही. त्या दिवशी त्यांनी मशीन थांबवलं आणि ते हातपाय धुऊन नवा सदरा घालायला गेले. परत आले तेव्हा पूजा मांडलेली होती. सिलिंडर कॉकांसकट झेंडूच्या हारांनी झाकला होता. धूप इतका की समोरचं दिसेना. बाहेर ब्रास बँड लागलेला. साहेबांनी नारळ फोडला, म्हणाले, "चला बुधाजी, मुहूर्तावर होऊ द्या."

बुधाजींनी वाफेचा व्हॉल्व्ह उघडला.

सिलिंडरचं तोंड फुटून त्यांच्या छातीवर आलं.

नंतर पाहिलं तेव्हा कॉक बंद होते. घट्ट. कंपनीनं लिहून टाकलं, चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात. एका ओळीत माणूस संपवला. ज्यानं उभा जन्म त्या कॉकवर हात ठेवल्याशिवाय कधी वाफ सोडली नाही, तो माणूस.

प्रगती त्या दिवशी सासरी, बदलापूरजवळ सोनिवलीला होती. तिचं म्हणणं एकच. बाबांनी कॉक उघडले होते. कुणीतरी ते बंद केले. साहेबांना मुहूर्ताची घाई होती, त्यांच्यापैकीच कुणीतरी. ती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत राहिली. शेवटी कारखाने निरीक्षक दसऱ्यानंतर एकदा मशीन पाहायला यायला तयार झाले. त्यानंतर ते भंगारात जाणार होतं. कारखाना केव्हाच बंद पडला होता.

पुतळाबाईंना हे सगळं नको होतं.

"जाव दे गो," त्या म्हणायच्या. "गेलेला मानूस कं परत येनार हाय?"

"माणूस नाही येणार, आये. त्याचं नाव तरी येईल."

"नावाला कं करायचा?"

एकदा प्रगती बोलून गेली, "तुला बाबांचं काही पडलेलंच नाही." पुतळाबाई उठून मोरीत गेल्या. भांडी घासल्याचा आवाज मात्र आला नाही.

खरं तर त्या वर्षभर गप्पच होत्या. पूर्वी हाताला काम असलं की तोंडानं गुणगुण चालायची. शब्द नाहीत, नुसता लग्नातल्या धवल्याचा सूर, नाकातून. तांदूळ निवडताना, रांगोळी काढताना. ती गुणगुण बुधाजींबरोबर गेली. काचेच्या बांगड्याही गेल्या. त्या तर बायकांनी त्याच दिवशी फोडल्या.

खंडेनवमीला दुपारी प्रगतीला नरेंद्रचा फोन आला. नरेंद्र पूर्वी बॉयलरवर होता, बुधाजींच्या हाताखाली वाढलेला. कारखाना बंद झाल्यावर त्याला तिथंच वॉचमन म्हणून ठेवला होता.

"पोरी, संध्याकाळी येतेस का? दिवे लागायच्या टायमाला."

"काय झालं, काका?"

"फोनवर नको."

ती गेली तेव्हा तो गेटवरच उभा होता.

"उल्हासनगरचा भंगारवाला येऊन गेला," तो म्हणाला. "कॅम्प तीनचा. म्हशीभोवती फेऱ्या मारून बोलतो, साईं, ये तो तोप है. वजनावर घेणार साला. बुधादादा असते तर त्यालाच वजनावर दिला असता."

ती हसली नाही. तोही.

"काका, कशाला बोलावलंत?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ, मी काय फेकत नाय. दारूपण सोडलीय, तुझ्या काकूला विचार. पण नवरात्र बसलं ना, तेव्हापासून शेडमध्ये..."

"काय?"

"कोणतरी कॉक उघडतो."



"बॉयलर थंड आहे, काका."

"बॉयलर थंड. वाफेचा पाइप तर कापून नेला. मला कशाला सांगतेस?" तो चिडला, मग आवाज खाली आला. "इन्क्वायरीला मी बोललो, मी काय बघितलं नाय, काय ऐकलं नाय. खरंच नव्हतं ऐकलं, बँडच एवढा होता. आता ऐकतोय. तू पण ऐक. पण मी आत नाय येणार."

शेडचं दार अर्धंच उघडत होतं. ती अंग चोरून आत गेली.

आत कुणी काही हलवलेलं नव्हतं.

चाकावर आदल्या वर्षीचा हार अजून होता, वाळून चहाच्या चोथ्यासारखा. सिलिंडरच्या फुटलेल्या तोंडावर ताडपत्री बांधलेली. खाली जमिनीवर रांगोळी. कुणी पुसलीच नव्हती. रंग फिके झाले होते, पण कडेच्या कोयऱ्या ओळखू येत होत्या.

वरच्या काचांतून येणारा उजेड हळूहळू गेला.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले असावेत. दाराची फट पिवळी झाली.

आणि मग...

कुणीतरी खाकरलं.

सकाळी दात घासताना बाबा खाकरायचे, तसंच. प्रगतीच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती नंतर आली.

पावलं. रबरी चपलांची. मशीनच्या पलीकडून अलीकडे.

किर्र...

पितळ पितळावर फिरल्याचा आवाज. एक कॉक. थोडं थांबून दुसरा.

किर्र...

मग टप... टप... टप...

थेंब.

बाबांनी उघडले होते! तिला ओरडून नरेंद्रला सांगावंसं वाटलं. वर्षभर ती जे सांगत होती, ते इथं अंधारात कुणीतरी करून दाखवत होतं. तिनं तोंडावर हात दाबून धरला. चपला दाराकडे गेल्या. अगदी तिच्या अंगाजवळून गेल्या. कार्बोलिक साबणाचा वास आला आणि गेला.

थेंब पडत राहिले.

आता कोण येतं ते ऐकायचं. साहेबांचे बूट येतील. ती त्यांची वाट पाहत होती.

बूट आले नाहीत.

आधी आली... बांगड्यांची किणकिण.

काचेच्या, हातभर भरलेल्या. कुणीतरी रांगोळीपाशी उकिडवं बसलं. कापड सळसळलं.

आणि मग गुणगुण सुरू झाली.

शब्द नाहीत. नुसता सूर, नाकातून. लग्नातला.

प्रगतीनं रांगोळीकडे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

थेंब रांगोळीच्या कडेवर पडत होते. गुणगुण मधेच थांबली. जीभ टाळ्यावर 'च्च' अशी वाजली, काहीतरी नासल्यावर आई वाजवते तशी. ओला रंग पुसल्याचा आवाज. पुन्हा गुणगुण. पुन्हा थेंब. पुन्हा ते 'च्च', आता वैतागलेलं.

बांगड्या वर सरकल्या.

किर्र...

किर्र...

थेंब थांबले.

गुणगुण पुन्हा सुरू झाली, समाधानाची, नीट काढायला मिळालेल्या रांगोळीची.

भुतं मेलेल्यांची असतात, असं तिनं आजवर ऐकलं होतं, वाचलं होतं. आई तर मोरिवलीच्या घरी होती. जिवंत. येताना तिनंच आईला चहा करून दिला होता.

बांगड्या दूर गेल्या. शेडमध्ये काहीच उरलं नाही. थेंब नाही, श्वास नाही. मशीन पोटात पाणी घेऊन बसलं होतं.

मग चपला परत आल्या.

या वेळी त्या सरळ चालत आल्या, ठरल्यासारख्या. व्हॉल्व्हपाशी थांबल्या.

"बाबा, थांबा!"

प्रगती धावली. गुडघ्यांवर पडली, सिलिंडरच्या पोटाखाली हात घातला, चाचपडत कॉक धरला आणि हात भाजला.

वर्षभर थंड पडलेलं मशीन. त्याचा कॉक तव्यासारखा तापलेला.

तिनं सोडला नाही. पदर गुंडाळून फिरवला. तो फिरेना. दोन्ही हातांनी फिरवला. किर्र करून उघडला आणि गरम पाणी तिच्या मांडीवर, पावलांवर, रांगोळीवर सांडलं. गंजाचं, लालसर. दुसराही तिनं उघडला. पाणी वाहत राहिलं. एवढं पाणी त्यात मावणारच नाही, एवढं वाहिलं. कोयऱ्या विरघळल्या. सगळे रंग एक झाले.

मग थांबलं.

चपलांचा आवाज पुन्हा आला नाही. गेल्याचाही नाही.

ती बाहेर आली तेव्हा नरेंद्रनं टॉर्च तिच्या साडीवर धरली. ओली साडी. तिच्यातून वाफ निघत होती.

"ऐकलंस ना?" त्यानं विचारलं. "आता इन्स्पेक्टर साहेबाला मी पण सांगतो. बुधादादांनीच उघडले होते. मग बंद कोणी केले? कोण आला ते ऐकलंस?"

प्रगतीनं मान हलवली. नाही म्हणून.

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही, काका."

त्यानं टॉर्च बंद केली.

घरी पुतळाबाई ओटीवर बसून होत्या. दिवा लावलेला नव्हता. लेकीच्या साडीकडे त्यांनी पाहिलं, मग हाताकडे. हात धरून पालथा-उलथा केला. तळव्यावर फोड आले होते, कॉकच्या मुठीच्या आकाराचे. आतून खोबरेल आणलं. बोट तेलात बुडवून त्या हलके हलके लावू लागल्या.



"म्हशीजवल गेलीस," पुतळाबाई म्हणाल्या. विचारलं नाही.

"हो."

तेलाचं बोट थांबलं.

"उघरा व्हता का बंद व्हता गो?"

त्या खाली मान घालूनच विचारत होत्या. आवाज त्यांचा वाटेना. वर्षभर गप्प राहून साठवलेला तो एवढाच आवाज होता. प्रगतीला सगळं एकदम दिसलं. कॉक बंद होते, ही कंपनीची नोटीस वाचून दाखवली तेव्हा आईनं भिंत का धरली होती. "जाव दे गो" का. नाव आलं तर ते कुणाच्या अंगावरून येणार होतं.

"उघडा होता, आये."

पुतळाबाईंनी वर पाहिलं.

"उघडाच होता," प्रगती म्हणाली. "मी हात लावून पाहिला."

त्यांनी पुन्हा बोट तेलात बुडवलं. तेल ओटीवर सांडत होतं.

दसऱ्यानंतर प्रगतीनं निरीक्षकांना कळवलं की आता काही तक्रार नाही. ते "बरं झालं" म्हणाले. कंपनीच्या कागदावर बुधाजी आजही निष्काळजी आहेत आणि तसेच राहतील. कॉम्प्रेसर तुकडे करून ट्रकमधून गेला. त्यानंतर शेडमध्ये काही ऐकू येत नाही, असं नरेंद्र सांगतो. बुधादादांना शांती मिळाली, असंही म्हणतो. तो भला माणूस आहे.

प्रगती आता बऱ्याचदा मोरिवलीलाच असते. दिवे लागायच्या वेळेला मायलेकी ओटीवर बसतात. आत कुणी नसतं.

मोरीतला नळ आपोआप सुटतो.

टप... टप... टप...

वॉशर बदलून झाला. नळही बदलून झाला.

पुतळाबाई समोर बसलेल्या असतात. ओठ मिटलेले, मनगटं उघडी. प्रगती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते, कारण पाहावंच लागतं.

आतून बांगड्या वाजतात. गुणगुण येते. आणि थेंब थांबतात.

पुतळाबाई डोळे मिटून घेतात. मग प्रगती उठते, आत जाते आणि अंधारात चाचपडत नळ पुन्हा उघडून येते.