मागच्या खोलीतला रेडिएटर

"या घरात कुणी मेलंय का हो?"

घरमालकिणीला फोनवर सरळ विचारलं मी. माझ्या मैत्रिणी निहारिका आणि इफाने डेअर दिलं होतं. दोघी व्हिडिओ कॉलवर तोंड दाबून हसत होत्या.

मिसेस नोलन मात्र हसल्या नाहीत.

उलट त्यांनीच विचारलं, "तुला कोण काय बोललं?"

आणि फोन कट.

शपथेवर सांगते, यातलं काहीही रचलेलं नाही. जानेवारी २०२१. आयर्लंडमधलं डून लेरी, आमचं भाड्याचं घर. लॉकडाऊनमुळे माझी शाळा लॅपटॉपवर, बाबांचं चेरीवूडचं ऑफिस डायनिंग टेबलवर. आणि मला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची खोली! सहा वर्षांच्या तन्वीच्या लाथा न खाता झोपायचं. राणी होते मी, राणी.

फक्त त्या मागच्या खोलीतला, आत गरम पाणी फिरून खोली ऊबदार ठेवणारा रेडिएटर बिघडलेला. वॉल्व्ह शून्यावर फिरवला तरी गरमच.

आई खूश! इथल्या थंडीत इडलीचं पीठ आंबतच नाही. ती पातेलं आणून माझ्या रेडिएटरला चिकटवून ठेवायची. पीठ असं फुगायचं की झाकण वर.

मग एका रविवारी इडलीत केस निघाला.

लांब... तांबडा.

"केस बांधून स्वयंपाक कर ना जरा," बाबा म्हणाले.

"अहो, आधी माझे केस बघा, मग बोला!"

आमच्या घरात सगळ्यांचे केस काळे. आणि लॉकडाऊनमध्ये आईनेच कात्री चालवल्यामुळे सगळ्यांचे कानापर्यंत.

पुढच्या रविवारी तो माझ्या घासात आला. जिभेवर वळवळल्यासारखा. मी सिंकपर्यंत पोचलेच नाही. शी!

"त्या खोलीत पीठ ठेवणं बंद," आई म्हणाली. "आणि तो रेडिएटर दुरुस्त करा एकदाचा."

लॉकडाऊनमध्ये प्लंबर कुठला यायला! बाबांनी एक व्हिडिओ बघितला आणि पक्कड घेतली.

"त्यात काय, पिन अडकलीये नुसती. ओढली की ग्रँड, एकदम झकास."

वॉल्व्हचा नॉब काढला. पिन ओढली... जरा जास्तच.

फस्स्!

काळं पाणी. नासलेल्या फ्लॉवरसारखा वास.

"भांडं आणा! भांडं!"

आईने हाताशी होतं ते पुढे केलं. इडलीच्या पिठाचं पातेलं, खाली न्यायचं राहून गेलेलं. पांढऱ्या पिठावर काळी धार.

धार थांबली...

मग केस आले.

मूठभर. तांबडे, बुळबुळीत. जिथे माझी करंगळीही जाणार नाही, त्या भोकातून. पातेल्यात पडून ते हळूहळू पसरले. आई तोंड दाबून मागे सरली.

"गाळ असतो," बाबा म्हणाले. "जुने पाइप आहेत." पण माझ्याकडे बघत नव्हते.

त्यांनी सगळं पाणी काढलं, भोक बंद केलं. पीठ पातेल्यासकट कचऱ्यात. रेडिएटर थंडगार पडला. खोली वाळेपर्यंत मी तन्वीच्या खोलीत, खाली गादीवर.

सकाळी चांगलं उजाडल्यावर तन्वीच्या ओरडण्याने जाग आली.

"ताई, मूव्ह ओव्हर! तुझे केस माझ्या तोंडात जातायत!"

मी खालीच होते. गादीवर.

पलंगावर तन्वी भिंतीला चिकटून बसलेली. शेजारी दुसऱ्या कुणालातरी पुरेल एवढी जागा... ओली. तोच वास.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक तांबडा केस लोंबत होता.

मी चिमटीत धरला. ओढला.

येत राहिला... येत राहिला... तन्वीचे डोळे पाण्याने भरले, तिला ओकारी आली. शेवटी टोक आलं. टोकाला काळा गाळ.

तिला उचलून मी पळत माझ्या खोलीत जाऊन बघितलं. कोरडी. गार. एकही केस नाही. काहीच नाही.

म्हणूनच मला कळलं.

खाली आई चहा गाळत होती. बाबांची मीटिंग सुरू व्हायची होती. मी बोटांना गुंडाळलेला केस त्यांच्यासमोर धरला.

"तन्वीच्या घशातून काढलाय. बाबा, पिन परत बसवा. पाणी भरा."

"स्वरा, वेडी आहेस का? त्या घाणीत..."

"रेडिएटर गरम होता, मी तिथे झोपत होते, तोपर्यंत ते तिथेच होतं. गार केलं तर तन्वीच्या अंथरुणात आलं!"

आईने तन्वीला ओढून पोटाशी धरलं. "हे घर सोडू या."

"सोडू. पण आज? या लॉकडाऊनमध्ये? कुठे?" बाबा म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

हात तीनदा धुतलेत. हे टाइप करतानाही बोटांना तो वास येतोय, कीबोर्डवर काहीतरी चिकटतंय असं वाटतंय. पण तेव्हा माझा आवाज जराही कापला नाही.

"घर मिळेपर्यंत तन्वी तुमच्या दोघांच्या मध्ये झोपेल," मी म्हणाले. "आणि मी माझ्या खोलीत."