घरट्यातली दोन पिल्लं

"दोन पिल्लं आहेत. आई नाही," झाडावरून टिटवी म्हणाली.

टिटवी म्हणजे केतकीच्या आजोबांनी बनवलेली, झाडावर चढणारी यंत्रमानव. मादागास्कर बेटावरच्या ओल्या हिरव्या जंगलात, पन्नास फुटांवर, ती एका घरट्यात डोकावत होती. आत पानांच्या गादीवर मुठीएवढी दोन पिल्लं निजलेली. झालरवाल्या लेमूरची. (लेमूर म्हणजे माकडाचा लांबचा भाऊबंद. याच्या गळ्याभोवती पांढऱ्या केसांची झालर असते.) या खोऱ्यात असे अकराच उरले होते.

"पिल्लं एकटी राहून दोन तास व्हायला चार मिनिटं," टिटवी म्हणाली. "मग नियमाप्रमाणे पिल्लं अनाथ. मी खाली आणते."

"हा नियम कुणी केला?" खाली आजोबांशेजारी उभ्या केतकीनं विचारलं.

"मीच," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं सह्याद्रीत वानरं पाहिली, बाळ. वानराचं पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं. एकटं दिसलं की समजायचं, आई गेली."

"पण ही कुठं वानरं आहेत?"

जंगलाची राखणदार सुआ हसली. कानातल्या दुभाष्या यंत्रानं तिचं बोलणं मराठीत केलं : "आजोबा हुशार, पण घाई फार! आई परतली आणि घरटं रिकामं दिसलं, तर?"

वर टिटवीचा हात लांबला.

"आजोबा, वानराला पिल्लं किती होतात?"

"एक."

"आणि हिला?"

"दोन. कधी तीनसुद्धा."

"मग तिघांना पोटाशी धरून ती उड्या कशा मारणार?"

आजोबांनी वर घरट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझी आई खुरपायला जायची, तेव्हा मला बांधावरच्या बाभळीला झोळीत ठेवायची."

"म्हणजे तुम्ही अनाथ?"

"छट्! शेजारची गंगूकाकू येता-जाता झोका द्यायची की. आणि आई लांबून गायची,

*बांधाच्या गं बाभळी, तुझ्या फांदीला माझा झोळा*
*लेकरू माझं निजलं, वाऱ्या, हळू दे हिंदोळा...*"

गाता गाता ते थबकले. "टिटवी! हात मागे घे!"

"पण नियम?"

"नियम चुकलाय माझा. थांब नुसती."

सगळे थांबले. पानं सळसळली. एक काळीपांढरी लेमूर आली आणि पिल्लांना चाटू लागली.

"आई!" केतकी कुजबुजली.

"मावशी म्हण," सुआ म्हणाली. "हिची पिल्लं शेजारच्या झाडावर आहेत. एकीनं राखायचं, दुसरीनं पोट भरून यायचं. अशी ही पाळी."

मग खरी आई आली. तिचं नाकाड पिवळंधमक.

"हळद लावून आलीय की काय?" केतकी म्हणाली.

"पराग तो," आजोबा म्हणाले. (पराग म्हणजे फुलातली भुकटी.) "मधासाठी ती फुलात तोंड खुपसते. नाकाला लागलेला पराग पुढच्या फुलाला पोचतो. त्यातून बी धरतं, बीतून झाड. पिल्लं एकटी ठेवून ती जाते म्हणून जंगल वाढतं."

आईनं मांजरीसारखं एक पिल्लू तोंडात धरलं नि ओढ्यापलीकडे झेपावली. परत येऊन दुसरंही नेलं. पलीकडची कोवळी झाडं सुआच्या गावानं बारा वर्षांपूर्वी लावलेली होती. तिथं आजवर एकही लेमूर फिरकला नव्हता. सुआ डोळे पुसत राहिली.

"घरटं रिकामं," टिटवी वरून म्हणाली. "काय नोंदवू?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं.

"लिही," केतकी म्हणाली, "बिऱ्हाड हललं. नवा पत्ता : सुआच्या गावचं जंगल."