वहिनीची डबी, माझा जळफळाट

"आचलताई तुम्हीच काय? कितवा महिना?"

स्कूटरवरून उतरलेल्या अनोळखी माणसानं सेलूच्या आमच्या दारात मला हे विचारलं. मी सूप पोटाशी धरून उभी होते, एवढाच काय तो गुन्हा.

"मी नणंद आहे तिची," मी फणकारले. "अन् लग्न नाई झालं माझं!"

तो कानापर्यंत लाल झाला... पण हसला छान.

स्वप्निल त्याचं नाव, सिंदी मेघेचा. साल २००७. आई गरोदरपणी काय खाते, त्यावरून बाळाच्या आतड्यात कोणते जंतू वस्तीला येतात, अन् पुढे त्याला आतड्याच्या सुजेचा आजार होतो का — असा त्याच्या संस्थेचा अभ्यास. दर सोमवारी यायचा. "ताई, भाकर खाल्ली? ताक? अंबाडीची भाजी?" वहिनी राणीसारखी उत्तरं द्यायची. मग तिची ती डबी — हो, शौचाच्या नमुन्याचीच — बर्फाच्या पेटीत इतकी जपून ठेवायचा, की माझा जीव जळायचा. डबीवर जळणारी मुलगी तालुक्यात मी एकटीच असेन!

"आमची विचारपूस करायची सोय नाई काय तुमच्यात?"

"तुम्ही कुठं गरोदर आहात, रक्षा मॅडम?"

"त्याच्यासाठी आधी गरोदर व्हा लागते?"

वहिनीला हसून हसून उचकी लागली. तो बघतच राहिला... पेटीचं झाकण उघडंच. पुढं त्याचा चहा लांबत गेला, अन् सोमवार फार उशिरा यायला लागला.

पण ते शोधत होते तो आतड्याच्या सुजेचा आजार मलाच होता. "कोणाले सांगू नको, स्थळं येणार नाई," बाबांनी बजावलेलं.

एका सोमवारी तो वहिनीला म्हणाला, "जपा हो, बाळाले काही व्हायले नको." माझा भडका उडाला.

"न जन्मलेल्याची एवढी काळजी! अन् ज्याले आजार झालाच, त्याचं काय?"

"कोणाले झाला?"

"मले..." निसटलंच. "रक्त पडते. माझ्या वेळी आईनं काय खाल्लं, कोणाले ठाऊक."

"आईवर नका टाकू," तो हळूच म्हणाला. "नक्की अजून कोणालेच माहीत नाई. म्हणूनच तर हिंडून राह्यलो."

पेटी उचलून निघून गेला. चहा तसाच.

पुढच्या सोमवारी त्याच्या जागी आली ती एक गोरीगोमटी नंदिनी. "स्वप्निलनं हे घर सोडलं," म्हणाली. नुसतं 'स्वप्निल'! संपलं, मला वाटलं. आजार कळला अन् पळाला.

"काऊन सोडलं?"

"नातेवाइकांचे नमुने आपण घ्यायचे नाई, असा नियम आहे."

"आमचं कसलं नातं?"

"ते त्यालेच विचारा. फाटकापाशी आईले घेऊन उभा आहे."

खरंच उभा होता, नजर पायाशी. शेजारी त्याची आई, मंदाबाई. "जयभीम," म्हणत त्या आत आल्या. बाबांनी मला डोळ्यांनी दटावलं. तरी मी दम धरून सांगून टाकलं, "जयभीम, मावशी. मले आतड्याचा आजार आहे."

"मंग?" मंदाबाई खुर्चीवर टेकल्या. "गोळ्या आमच्या घरी नाई खाता येत काय?"

स्वप्निलनं मान वर केली... अन् मला रडू फुटलं.

नंदिनी डबी घेऊन निघाली, तेव्हा तो तिला म्हणाला, "नीट जाजो."

तेवढंही मला खपलं नाही.