दोनच पेग

क्रेनवर चढण्याआधी ऑपरेटरने दारू तपासायच्या नळीत फुंकर मारली आणि यंत्रावर लाल दिवा लागला.

त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा लाल.

वीस वर्षांत पहिल्यांदाच. नियम साफ होता: लाल दिवा म्हणजे नोकरी गेली. निर्णय सुरक्षा अधिकारी मॅडमनी दुपारपर्यंत द्यायचा होता. त्यांचा पाय एका जागी ठरेना.

"काल संध्याकाळी किती घेतली?"

"मुलीचा वाढदिवस होता. दोनच पेग व्होडका, नुसत्या बर्फावर. नेहमीसारखी."

"काही वेगळं जाणवलं?"

"घसा जळाला. ठसका लागला. म्हातारा झालास म्हणून सगळे हसले."

त्याला घरी न्यायला आलेला मेहुणा मध्येच बोलला. "दाजी, माझ्यासारखी बिअर घ्यायची! तीन मोठ्या बाटल्या रिचवल्या, तरी ठणठणीत."

"तुमच्या तीन बाटल्यांत शंभर मिलीच्या आसपास अल्कोहोल होतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या दोन पेगांत जेमतेम पन्नास. शरीर बाटलीवरचं नाव वाचत नसतं."

मेहुण्याने जीभ चावली.

पन्नास मिली सकाळपर्यंत उतरायलाच हवं होतं. मग हा माणूस खोटं बोलत होता का?

वर्कशॉपमध्ये ऑपरेटरचा जोडीदार क्रेनच्या स्विचचे संपर्कबिंदू पुसत होता. फडकं डब्यातल्या शुद्ध स्पिरिटने ओलं. ऑपरेटर गेला, की त्याची जागा यालाच मिळणार होती.

"तुम्हीही होतात काल?"

"होतो ना. ग्लास मीच आतून भरून आणले, एकाच बाटलीतून. दादांनी दोनच घेतले, मीही दोन नुसत्या बर्फावरच. माझा दिवा हिरवा." त्याने उसासा टाकला. "मी निघाल्यावर त्यांनी काय केलं, देव जाणे."

बाहेर येऊन मॅडमनी मेहुण्याचा फोन मागितला. चिअर्सचा फोटो. दोघांचे ग्लास शेजारी शेजारी, तोंडभर हसू. जोडीदाराच्या ग्लासात बर्फ वर. ऑपरेटरच्या ग्लासात तळाशी.

त्यांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा.

"कालची उरलेली बाटली घेऊन या. पळा!"

मेहुणा परतला, तेव्हा वर्कशॉपच्या टेबलावर, ऑपरेटर आणि जोडीदारासमोर, दोन ग्लास तयार होते. एकात मॅडमनी व्होडका ओतली, दुसऱ्यात डब्यातलं स्पिरिट. दोन्हींत बर्फाचा खडा सोडला.

पहिला तरंगला. दुसरा दगडासारखा बुडाला.

"व्होडका बर्फापेक्षा जड, त्यामुळे बर्फ तरंगतो. शुद्ध स्पिरिट म्हणजे जवळपास निव्वळ अल्कोहोल, ते हलकं, त्यात तो बुडतो. फोटोत दादांचा बर्फ तळाला आहे." त्या जोडीदाराकडे वळल्या. "त्यांच्या दोन पेगांत जवळजवळ पाच पेगांचं अल्कोहोल होतं. म्हणून घसा जळाला आणि सकाळी दिवा लाल. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे. आणि दोन्ही ग्लास एकाच बाटलीतून स्वतः भरले, असं तुम्हीच सांगितलंत."

"बर्फावरून माणसाला चोर ठरवता?"

"मग दुसरा ग्लास कशातून भरलात, ते सांगा."

त्याने हातातलं फडकं स्पिरिटच्या डब्यावर टाकलं.

"अजून दहा वर्षं तुम्ही ती खुर्ची सोडणार नव्हता, दादा," तो अखेर पुटपुटला.

ऑपरेटर बुडालेल्या बर्फाकडे बघत होता.

"ठसका लागला, तेव्हा माझ्या पाठीवरून हात तूच फिरवत होतास," तो म्हणाला. "आणि लगेच दुसरा ग्लास भरून आणलास."