फ्लॅश धर आणि पाण्यात उतर

"अगं ए — डोळे फोडतेस की काय!"

बोटीच्या पलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ टोपली उपडी झाल्याचा. प्रीतलने कॅमेरा खाली केला. आसपास कोणी नाही असं बघूनच तिने चाचणीचा एक फ्लॅश मारला होता, आणि नेमका तेव्हाच हा पलीकडून उगवला… उंच, उन्हाने रापलेला, दोन्ही हातांनी डोळे चोळणारा. पायाशी पाचूबंदरच्या चिखलात त्याचे सगळे बोंबील लोळत होते.

"सॉरी! तू दिसलाच नाहीस मला."

"एवढा मोठा माणूस दिसला नाही? आणि म्हणे फोटो काढते!"

"मी बोटीचा काढत होते. मधे तू आलास."

"बोट माझी आहे. मधे तू आलीस."

प्रीतल गुडघ्यावर बसली आणि बोंबील गोळा करायला लागली. एक धरला की दुसरा सुळकन सुटायचा. तो कमरेवर हात ठेवून गंमत बघत राहिला.

"सांडोरची का गं तू?"

"तुला काय माहीत?"

"तुम्ही वाडीवाले केळी धरता तसे धरतेस बोंबील."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. आणि तो जो थांबला तिच्याकडे बघत, की तिच्या हातून दोन बोंबील पुन्हा चिखलात पडले तरी त्याला पत्ता नाही.

हा ॲन्सेल्म. चार दिवसांनी जिचं लग्न होतं, त्या क्रिस्टिनाचा धाकटा भाऊ. आणि हे लग्न म्हणजे प्रीतलच्या आयुष्यातलं पहिलं, जे ती एकटीने टिपणार होती. आजवर ती फोटोग्राफर विलासदादाची बॅग धरायची, दिवे धरायची, जेवणाच्या रांगेत त्याची जागा धरायची. यावेळी विलासदादाने एकाच तारखेला दोन लग्नं घेतली आणि हे तिच्या हवाली केलं. जाताना म्हणाला, "नवरीला एकच फोटो हवाय, पांढऱ्या गाऊनमध्ये, बापाच्या बोटीवर, सूर्य बुडताना. तो साधलास तर पुढची लग्नं तुझी तू घे. नाही साधला, तर माझी बॅग आहेच."

बॅग! त्या बॅगेचा नुसता विचार आला तरी तिचा खांदा दुखायचा.

"सूर्य मागे असणार," तिने ॲन्सेल्मला सांगितलं. "म्हणजे नवरीचा चेहरा काळा पडणार. तिच्यावर बाजूने उजेड हवा. त्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यावर नाही, लांब कोणाच्या तरी हातात पाहिजे. उंच माणसाच्या."

"किती उंच?"

"…तुझ्याएवढा चालेल."

झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी जाळी आवरली की पठ्ठ्या हजर. आंघोळ करून, केस विंचरून, सेंट मारून. फ्लॅश धरायला सेंट कशाला लागतो, हे त्याला कोणी विचारलं नाही. प्रीतलने तर मुळीच नाही.

"याला वायर कुठंय?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही लागत. कॅमेऱ्यावर हा छोटा डबा आहे ना, ट्रिगर, तो तुझ्या हातातल्या फ्लॅशशी बोलतो. बटण दाबलं की तुझा फ्लॅश आधी एक बारीकसा उजेड मारतो. तो समोरच्यावरून किती परत येतो, ते कॅमेरा मोजतो. मग ठरवतो खरा उजेड किती द्यायचा, आणि तेवढाच तुझ्याकडून मारून घेतो. सगळं आपोआप. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"माझं पातं त्याच्याही आधी लवतं."

खोटं नव्हतं ते. त्याच्या घरातल्या भिंतीवर लहानपणच्या पहिल्या कम्युनियनपासूनचे फोटो होते आणि सगळ्यांत हा डोळे मिटून. प्रीतलने सांगितलं की त्या बारीक उजेडालाच तो डोळे मिटतो, आणि खरा उजेड येतो तेव्हा ते मिटलेलेच असतात. ॲन्सेल्मने फ्लॅश हातात उलटसुलट फिरवून पाहिला.

"म्हणजे आधी जरासं विचारून बघायचं," तो हळूच म्हणाला. "समोरून काय येतं ते पाहायचं… आणि मगच सगळं सांगायचं. असंच ना?"

"फ्लॅशचं असंच असतं."

"शहाणा आहे हं तुझा फ्लॅश."

तो फ्लॅशबद्दल बोलत होता आणि बघत होता तिच्याकडे. प्रीतलच्या हातून बॅटरीचे सेल खाली सांडले. ते गोळा करताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि घरी पोचेपर्यंत स्कूटरवर ती एकटीच हसत होती. रस्त्यातल्या लोकांना काय वाटलं असेल ते वाटो!

लग्नाचा दिवस उजाडला. चर्चमधलं सगळं देवाच्या दयेने नीट पार पडलं. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, पायऱ्यांवर बँड वाजला. मग वरात पाचूबंदरला आली. भरती चढलेली, सूर्य पाण्यापासून हातभर वर. क्रिस्टिना गाऊन सावरत बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभी राहिली. प्रीतलच्या छातीत असं धडधडत होतं की बँडवाल्यांना ताशा वाजवायची गरज नव्हती.

फक्त ॲन्सेल्मचा पत्ता नव्हता. तो नवऱ्याच्या पाहुण्यांच्या गाड्या लावून द्यायला गेला होता.

"पोरी, काढ आता!" ग्लोरिया आंटीने घाई केली. नवरीची आई, बंदरावर जिच्या शब्दाबाहेर बोटसुद्धा जात नाही अशी. "सूर्य काय आपला नोकर हाय थांबायला? कोनाची वाट बघतंस?"

कोणाची वाट बघते ते सांगायची सोय नव्हती. प्रीतलने फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवला, सगळं ऑटोवर ठेवलं आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर काय! बोटीच्या कडेने विजेची माळ पेटल्यासारखा पांढराफटक उजेड, आणि मधे क्रिस्टिना… काळीकुट्ट. कोळशाच्या गोणीला गाऊन घातल्यासारखी. तिने पुन्हा काढला. तेच. फ्लॅशचा जोर वाढवून काढला, तर माळ आणखी भडकली, चेहरा जेमतेम करडा झाला.

तिने बोटीजवळ जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. रेडियम! रात्री आपली बोट दुसऱ्या बोटीला दिसावी म्हणून लावतात ती चमकणारी पट्टी. नाळेपासून वल्ह्यापर्यंत, कोरी करकरीत, सगळीकडे.

तेवढ्यात ॲन्सेल्म धापा टाकत आला. कडक इस्त्रीचा सूट, टाय मानेवर वळलेला.

"हे कोणी लावलं?" प्रीतलने विचारलं.

"मी." त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "काल लावलं. तुझा पहिला फोटो ना… म्हटलं चमकला पाहिजे!"

"अरे माणसा! सगळा उजेड या पट्ट्यांनीच परत फेकला. कॅमेऱ्याला वाटलं, भरपूर झाला, म्हणून त्याने क्रिस्टिनाला दिलाच नाही! काढ सगळं, आत्ताच्या आत्ता!"

त्याने पट्टीला नख लावलं. खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकणारी पट्टी ती, अशी कशी निघेल? सूर्य आता वीतभरच उरला होता. ग्लोरिया आंटी नवऱ्या मुलाच्या आईच्या कानाशी लागली होती. प्रीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं. आता आयुष्यभर विलासदादाची बॅग.

"शपथ प्रीतल, मला काय माहीत?" तो रडकुंडीला आला. "ममा तर म्हणत होती चमकतच नाही. काल बॅटरी मारली तेव्हा मला मस्त चमकताना दिसलं. ममाला दाखवायला नेलं, ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहून म्हणते, कुठं काय चमकतंय? तिला काहीच नाही दिसलं —"

"काय म्हणालास?"

"काही नाही. मी गाढव आहे, एवढंच."

"ते माहितीये. त्याच्या आधी काय म्हणालास? बॅटरी तुझ्या हातात होती, आणि चमकलेलं फक्त तुला दिसलं?"

"हो… रेडियमचं तसंच असतं. जो उजेड मारतो त्याच्याकडेच परत येतो."

प्रीतलने कॅमेऱ्यावरचा फ्लॅश खटकन काढला, त्याच्या हातात कोंबला, आणि ट्रिगर चढवला.

"धर. आणि पाण्यात उतर."

"पाण्यात? सूट आहे गं!"

"उतर म्हणते ना! तिकडे लांब, उजव्या अंगाला. फ्लॅश डोक्याच्या वर. चमकू दे काय चमकायचं ते तुझ्याकडे. माझ्याकडे नाही येणार!"

आणि तो उतरला. भाड्याचा सूट, नवे बूट, सगळ्यासकट. गुडघाभर, मग मांडीभर. धक्क्यावरची अख्खी वरात ओरडायला लागली, बँडवाल्यांनी तर उत्साहात गाणंच सुरू केलं. तो लाटेत डुलत, एक हात वर धरून उभा राहिला.

"बोल!" तो ओरडला.

तिने बटण दाबलं.

आता पडद्याकडे बघायची हिंमत होईना. एक डोळा किलकिला करून तिने बघितलं. क्रिस्टिनाचा चेहरा उजळलेला, गालावर एका बाजूने मऊ उजेड, डोक्यावरचा झिरझिरीत वेल वाऱ्यावर, मागे नारिंगी पाणी. रेडियमच्या पट्ट्या? साध्या राखाडी रेघा, त्याही नीट पाहिल्या तर. कॅमेऱ्याने बरोबर चेहराच मोजला होता.

"आला!" ती धक्क्यावर उडीच मारायची बाकी होती. "ॲन्सेल्म, आला!"

पण ॲन्सेल्म पाण्यात तसाच उभा होता, तोंड उघडं टाकून. "प्रीतल… इथून बघायला पाहिजे होतंस तू. अख्खी बोट पेटली माझ्यासाठी!"

सूर्य बुडेपर्यंत तिने जमतील तितके फोटो काढले. फोटो बघून क्रिस्टिना रडली, काजळ ओघळलं, पुन्हा लावलं. ग्लोरिया आंटीने पडदा डोळ्यांशी नेऊन बघितला आणि एवढंच म्हणाली, "पुढल्या महिन्यात माज्या भावाच्या पोरीचं लगीन हाय. मोकली हायस ना?" प्रीतलने दोनदा मान हलवली.

वरात हॉलकडे निघाली. मागे राहिला तो निथळणारा ॲन्सेल्म, हातात फ्लॅश, बुटांतून पाणी पचपचतंय.

"आता माझा काढ एक," तो म्हणाला. "डोळे मिटणारच, पण काढ."

"फ्लॅश असा बाजूला धर. तुझ्याच चेहऱ्यावर." तिने कॅमेऱ्याचं एक छोटं बटण दाबलं. बारीकसा उजेड लुकलुकला, त्याचे डोळे गपकन मिटले.

"मिटले बघ!"

"फोटो काढलाच नाही अजून. फक्त मोजलं. मोजलेलं कॅमेऱ्याने धरून ठेवलंय. आता खरा उजेड तेवढा उरला. घाई नाही… डोळे उघड."

त्याने उघडले. तिच्याकडे बघितलं. कॅमेऱ्यामागे लपायची सोय होती, म्हणून तीही मनसोक्त बघत राहिली.

"म्हणजे विचारून झालंय?" त्याने हळूच विचारलं.

"कधीचं."

"परत… काय आलं?"

प्रीतलचं बोट बटणावरून हललं नाही.

"भरपूर," ती म्हणाली.

"मग सांगून टाकतो. प्रीतल, मला तू आवडतेस. बोंबील पडले ना, तेव्हापासून —"

क्लिक.

"अगं, मी बोलतोय अजून!"

"मलाही आवडतोस," ती कॅमेरा खाली न करताच म्हणाली. "तेव्हापासूनच. आता चल, थंडीने मरशील."

हॉलमध्ये ग्लोरिया आंटीने पुन्हा कॅमेरा मागितला. बोटीचे फोटो बघत बघत ती शेवटच्या फोटोवर आली आणि थबकली. भिजलेला सूट, अर्धवट उघडं तोंड, आणि डोळे… टक्क उघडे.

"आयो! माज्या पोराचे डोले उघडे! एवडं कोनाकडं बघतोय रं हा?"

प्रीतल कानापर्यंत लाल झाली. ग्लोरिया आंटीने फोटो बघितला, मग तिला बघितलं, मग कोपऱ्यात टॉवेलने केस पुसत इकडेच बघणाऱ्या आपल्या पोराला बघितलं.

"हा फोटो तूच काढलास ना गो?"

"हो आंटी."

"मग ठीक हाय," कॅमेरा तिच्या हातात परत देत आंटी म्हणाली. "यापुढं आमच्या घरात फोटो तूच काढायचे."