बाहेरची कडी

आमची खोली पूर्वी दवाखान्याची होती. माझ्या सासूबाईंची आजी या शहरातली पहिली डॉक्टरीण. बाळंतिणींना ती इथेच ठेवायची. तिचा पितळी पारड्याचा तराजू अजून खिडकीशी आहे. दाराची कडी मात्र बाहेरून होती.

"घरचे तिसऱ्याच दिवशी बाईला कामाला ओढून न्यायचे. म्हणून आजी बाहेरून कुलूप लावायची, किल्ली कमरेला," सासूबाई कौतुकाने सांगायच्या. "नवरे शिव्या घालत परत जायचे. बाळ सुधारलं की आधी बाळ बाहेर. आई धडधाकट झाल्याशिवाय सुटका नाही. एक बाई तर सात महिने राहिली! पण आजीचा हात मायेचा. शेगडीवर शेकल्याशिवाय हात बाळाला लावायची नाही."

मी बाळंत होऊन आले तेव्हा नवऱ्याने ती कडी काढून टाकली. स्क्रूची भोकंही बुजवली.

तीन आठवडे बाळाचं वजन जागचं हललं नव्हतं; आत्ता कुठे वाढू लागलं होतं. मला मात्र झोप नव्हती, घास उतरत नव्हता. मंगळवारी दुपारी चारला डॉक्टरांकडे जायचं होतं. साडेतीनला बाळाला गुंडाळून पाळण्यात ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि दार ओढलं.

उघडेना.

"आई, दार अडकलंय!"

"एवढी शिकलेली सून, नि दार उघडेना होय! ओढ की जोरात. आता कडी तरी कुठाय त्याला?"

दोन्ही हातांनी ओढलं. दार खाली हलत होतं. वर, भोकं बुजवली होती नेमकं तिथेच, अडत होतं. खोलीत जंतुनाशकाचा उग्र वास पसरला. मागे पितळ किणकिणलं.

वळले. तराजूचं पारडं झुलत होतं.

पाळणा रिकामा होता.

मी पाळण्यातलं पांघरूण उपसलं. तेवढ्यात बाळ रडलं. दाराबाहेर.

"आई! बाळ कुठंय?"

"कुठंय म्हणजे? माझ्या कडेवर. आत्ता तूच नाही का फटीतून हातात दिलंस?" त्या थांबल्या. "नि दार परत लोटलंस कशाला? हात केवढे गरम गं तुझे. ताप आहे का?"

माझे हात गारठले होते.

"मी होते पुढे. ये तू मागून."

पावलं जिना उतरली. रडणं लांब गेलं.

मी पुन्हा दाराची मूठ धरली. जीव खाऊन ओढलं.

माझ्या मनगटावर दोन बोटं टेकली, नाडी बघायला टेकतात तशी.

ऊबदार.